खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये न सोडलेला जीव दिसला, तर तो ओळखायचा कसा

लाइव्ह रॉक (जिवंत जीव असलेला समुद्री दगड), कोरलचा फ्रॅग (वाढवायला कापून घेतलेला तुकडा), मॅक्रोअल्गीचा म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाचा झुबका किंवा दुसऱ्या टँकमधली मूठभर वाळू, यांतलं काहीही टँकमध्ये गेलं की सोबत न मागितलेले जीव येतातच. काही अंड्यांच्या रूपात येतात, काही दगडाच्या भोकात दडून. मग सहा महिन्यांनी एखाद्या रात्री टॉर्च मारला की काचेवरून काहीतरी पळतं आणि पहिला विचार येतो तो मारायचा. तो जरा बाजूला ठेवा. यातले बहुतेक जीव निरुपद्रवी असतात, बरेचसे उरलेलं खाणं आणि शेवाळ साफ करतात, आणि घाईत ओतलेलं औषध नको असलेल्या जिवाच्या आधी पाळलेल्या कोळंबीला मारतं. खरे उपद्रवी मोजके आहेत. त्यांना इतरांतून वेगळं काढता आलं की काम झालं.

ओळख रंगावरून करायला जाऊ नका. रंग सगळ्यांत कमी भरवशाचा: निळ्या दिव्याखाली तो बदलतो, आणि एकाच जातीतही खाण्यानुसार फरक पडतो. बघायच्या गोष्टी पाच. शरीराची रचना (वलयं, शंख, पाय की स्पर्शिका), मिलिमीटरमध्ये आकार, चाल, दिसण्याची वेळ आणि जागा. नवखे लोक पहिल्या दोनवर थांबतात, पण निकाल बऱ्याचदा जागेवरून लागतो. 2 मिमीचा पांढरा शंख काचेवर फिरत असेल तर दुर्लक्ष करा. तोच शंख ट्रायडॅक्ना शिंपल्याच्या काठावर चिकटलेला सापडला तर त्याच रात्री कामाला लागा.

बघायची तयारी

दिवे बंद झाल्यावर एक-दोन तास थांबा आणि लाल उजेडाचा टॉर्च वापरा. साध्या टॉर्चला लाल जिलेटिन कागद दुहेरी गुंडाळला तरी चालतं. खेकडे, कोळंब्या, अँफिपॉड (कोळंबीसारखे बारीक जीव) यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते आपापलं काम चालू ठेवतात. पांढरा झोत मारला तर दिसतं ते फक्त शेपूट.

फोटो काढायचा असेल तर निळे दिवे बंद, पांढरे चालू, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) दहा मिनिटं बंद आणि फोन काचेला समांतर. तिरका धरला की काचेची जाडी चित्र फाडते. काचेला बाहेरून फूटपट्टी लावा. मोजमाप नसलेल्या फोटोवरून 3 मिमीचा अँफिपॉड आणि 3 सेंमीची कोळंबी यांत फरक सांगता येत नाही. शक्य असेल तर वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या. चाल बघितली की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

पकडायला बास्टर, म्हणजे मागे रबरी फुगा असलेली लांब नळी, सगळ्यांत सोयीची. जीव एका पांढऱ्या ट्रेमध्ये टँकच्याच 1–2 सेंमी खोल पाण्यात सोडा आणि दहापट भिंगाखाली बघा. नळाचं पाणी वापरू नका. गोड्या पाण्यात बहुतेक सागरी जीव आक्रसतात, फुगतात किंवा फुटतात, आणि ओळखण्यासारखं काही उरत नाही.

हात घालण्याआधी एक गोष्ट गंभीरपणे घ्या. दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (कोरलचे नातलग, बटणांसारख्या वसाहती करणारे) असेल तर त्यात पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असू शकतं. नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल लावा. किडे मारायला दगड उकळणं, त्यावर गरम पाणी ओतणं किंवा कोरडा दगड ब्रशने घासणं यांतलं काहीही करू नका. वाफेतून आणि तुषारांतून ते विष श्वासात जातं, आणि अशाने घरातली सगळी माणसं रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

काचेवर पळणारे ठिपके

0.5 ते 2 मिमी, पांढरट, झटके देत सरकणारे: कोपेपॉड. भिंगातून पुढे जाड आणि मागे निमुळतं अंग दिसतं, मादीच्या शेपटीशी अंड्यांच्या थैल्या. हे दिसले तर आनंद माना. मँडरिन मासा यांच्यावरच जगतो. गोलसर, बी एवढे आणि दोन झडपांच्या कवचात बंद असलेले ते ऑस्ट्राकॉड. 1–2 मिमीचे, लांब पाय पसरून कोळ्यासारखे काचेवर चालणारे मनिड आयसोपॉड असतात. तिघांनाही हात लावायची गरज नाही.

जरा मोठा, 3 ते 10 मिमीचा, कमानीसारखा वाकलेला आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा जीव अँफिपॉड असतो. तो कुशीवर पडून सरकतो, दगडाखाली पळतो. कोळंबीसारखाच पण पाण्यात तरंगत एका जागी थांबणारा, शेपटीच्या पंख्यात दोन बारीक चमकदार ठिपके असलेला जीव मायसिड. ते ठिपके तोल सांभाळायचे अवयव आहेत, आणि एवढी खूण पुरते.

आता यांतला एकच नातेवाईक घातक आहे, म्हणून त्याच्याकडे नीट बघा. आयसोपॉड वरून खाली दाबल्यासारखा चपटा असतो, अंगावर आडव्या पट्ट्या आणि चालायच्या पायांच्या सात जोड्या. स्फेरोमॅटिड गटातले आयसोपॉड गोलसर असतात, डोळे लहान, चाल संथ, आणि डिवचलं की अंगाची गोळी करतात. ते निरुपद्रवी. सिरोलॅनिड गटातला मात्र लांबट असतो, डोक्याच्या दोन्ही बाजूंना मोठे काळे डोळे, आणि तो सरळ रेषेत, वेगाने पोहतो. दिवसा वाळूत दडतो. रात्री झोपलेल्या माशाला चिकटून रक्त पितो आणि पोट भरलं की सुटतो. सकाळी माशाच्या अंगावर कारण नसताना लाल, खोलगट डाग दिसू लागले, मासे रात्री धडपडताना ऐकू आले, तर संशय इथेच घ्या.

खात्री करायला सापळा लावा. लहान बाटलीच्या झाकणाला 4 मिमीचं भोक पाडा, आत कोळंबीचा नखाएवढा तुकडा ठेवा, दिवे गेल्यावर वाळूवर आडवी ठेवा आणि तासा-दोन तासांनी उचला. वासावर सिरोलॅनिड येतातच. ट्रेमध्ये ओतून डोळे तपासा. ते मेलेलं मांसही खातात, त्यामुळे मासे काढून टँक रिकामा ठेवला तर ते उपाशी मरतीलच असं नाही. एकही सापडेनासा होईपर्यंत रोज सापळा लावणं हाच उपाय.

अळ्या आणि कृमी

सगळ्यांत जास्त घबराट ब्रिसल वर्मची. गुलाबी किंवा राखाडी अंग, गोमेसारखी वलयं आणि प्रत्येक वलयाला दोन्हीकडे पांढऱ्या केसांचा झुपका. लांबी 2 ते 15 सेंमी, कधी त्याहून जास्त. हे सफाई कामगार आहेत. मेलेल्या माशावर किंवा शिंपल्यावर ढिगाने दिसतात म्हणून खुनाचा आळ त्यांच्यावर येतो, पण ते येतात ते मेल्यानंतर. संख्या फार वाढली असेल तर दोष खाण्याच्या प्रमाणाचा. खाणं कमी करा, महिन्या-दोन महिन्यांत संख्या आपोआप उतरते. केस मात्र कोणत्याही ब्रिसल वर्मचे टोचतात आणि कातडीत तुटून राहतात. टोचले तर चोळू नका; चिकटपट्टी लावून उचकटा आणि वर व्हिनेगर लावा.

त्यातला खरा खलनायक हर्मोडिसे कॅरन्क्युलाटा, म्हणजे दाढीवाला फायर वर्म. हा मूळचा अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्राचा, त्यामुळे दगड कुठून आला हे माहीत असणं उपयोगी पडतं. अंग जाड असतं, पांढऱ्या केसांच्या बुडाशी लाल-नारिंगी कल्ल्यांचे झुपके आणि डोक्यावर चुण्या पडलेला मांसल उंचवटा. साधा ब्रिसल वर्म उजेड बघून पळतो. हा भरदिवसा फांदीदार कोरलच्या टोकावर चढून ते तोंडात घेतो आणि मागे पांढरा सांगाडा सोडतो. दिसला की लांब चिमट्याने काढा.

अंगावर इंद्रधनुषी चमक, केस नाहीत किंवा अगदी आखूड, आणि डोक्यावर पाच शृंगिका: युनिसिड. लहान असेल तर शेवाळ आणि कचरा खातो. मोठा झाला की कोरलचे पॉलिप (वसाहतीतले एकेक छोटे, स्पर्शिकावाले जीव) कापल्यासारखे गायब होऊ लागतात. बॉबिट वर्म याच गटातला. युनिस ॲफ्रोडिटॉइस ही जात 3 मीटरपर्यंत वाढू शकते, पण घरच्या टँकमध्ये सापडणारे बहुतेक ‘बॉबिट’ हे त्याचे छोटे, सामान्य भाऊबंद असतात. नारिंगी, चमकदार, शृंगिका न दिसणारी आणि चिकट स्राव सोडणारी लांब अळी शंखांवर किंवा शिंपल्यांवर बसलेली दिसली तर ती ओएनोने असण्याची शक्यता धरा. ती शंखाला स्रावात गुंडाळून खाते. या दोघांनाही ओढून काढायला जाऊ नका. अळी तुटते, मागचा भाग भोकातच राहतो आणि पुन्हा वाढू शकतो किंवा कुजतो. ती ज्या दगडात राहते तो दगडच रात्री बाहेर काढायचा.

उरलेले भले लोक. वाळूवर पसरलेले, लांबच लांब, पांढरे किंवा तांबूस धागे हे स्पॅगेटी वर्मचे. अंग आत नळीत असतं. दगडाच्या भोकातून बाहेर येणारी, वलयं नसलेली, आत-बाहेर उलटत जाणारी तपकिरी सोंड पीनट वर्मची.

दगडावरच्या नळ्या: हा फरक चुकवू नका

पांढऱ्या, कडक नळ्या दोन अगदी वेगळ्या जिवांच्या असतात. एक जीव शोभेचा, दुसरा कोरलला छळणारा.

1–2 मिमीच्या, काचेवर आणि पंपावर चिकटलेल्या पांढऱ्या गोल वेटोळ्या स्पायरॉर्बिड कृमींच्या. कंटाळा आला तर ब्लेडने खरवडा, नाहीतर राहू द्या. लांब, कडक नळीतून रंगीत पिसांचा मुकुट बाहेर येत असेल तर तो सर्प्युलिड, आणि मऊ, चामड्यासारख्या नळीतून येत असेल तर सॅबेलिड म्हणजे फेदर डस्टर. सावली पडताच मुकुट क्षणात आत जातो. दोघेही पाणी गाळून जगतात.

व्हर्मेटिड मात्र कृमी नाही. तो नळीत राहणारा शंखवर्गीय प्राणी आहे. त्याच्या नळीचा बुडाचा भाग बऱ्याचदा वेटोळा असतो आणि तोंड 1–4 मिमीचं. त्याला पिसांचा मुकुट कधीच नसतो. तो पाण्यात चिकट धागे सोडतो, त्यांवर अडकलेलं खाणं धाग्यांसकट ओढून घेतो. ते धागे कोरलवर पसरले की तिथले पॉलिप उघडत नाहीत, आणि बघणाऱ्याला वाटतं पाण्यातच काहीतरी बिघडलंय. क्षार तपासून तपासून माणूस थकतो आणि कारण असतं फ्रॅगच्या बुडाशी असलेली एक नळी.

परीक्षा सोपी. सगळे पंप बंद करा. संशयित नळ्यांच्या वर बास्टरने चिमूटभर पूडखाणं किंवा फायटोप्लँक्टन सोडा आणि पाच मिनिटं हलू नका. मग टॉर्च समोरून न धरता बाजूने, दगडाला लागून धरा. व्हर्मेटिड असेल तर नळीच्या तोंडातून निघालेले जाळीचे पारदर्शक धागे उजेडात चमकतात, त्यांवर खाण्याचे कण लोंबत असतात, आणि काही वेळाने पूर्ण जाळी हळूहळू आत खेचली जाते. तोंडाशी काळपट डोकं आणि दोन बारीक शृंगिका दिसतात. फेदर डस्टर असेल तर याच पाच मिनिटांत मुकुट उमललेला असतो.

काढताना नळी पक्कडीने बुडापासून तोडा आणि उरलेल्या भोकावर जेल प्रकारचा सुपरग्लू लावून तोंड बंद करा. नळीचा फक्त वरचा भाग तोडला तर प्राणी आत सुखरूप राहतो आणि नवी नळी बांधतो. पूडखाणं आणि कोरल फूड कमी केल्याशिवाय हे काम संपत नाही, हेही लक्षात असू द्या.

मधला एक प्रकार गोंधळात टाकतो: वाळूचे कण चिकटवून केलेली बारीक नळी आणि त्यातून हलणारे फक्त दोन लांब तंतू. तो स्पायोनिडसारखा कृमी. थोडे असतील तर चालतात. कोरलच्या अंगालाच लागून असतील तर तंतूंच्या सततच्या स्पर्शाने कोरल मिटतं, तेवढ्याच नळ्या ग्लूने बंद करा.

शंख, गोगलगायी, तारे

स्टोमॅटेला बघून लोक हमखास घाबरतात. चपटा, कानाच्या आकाराचा छोटा शंख पाठीवर, अंग त्यात मावत नाही, आणि गोगलगायीच्या मानाने वेग भलताच. पकडलं तर अंगाचा मागचा तुकडा सोडून पळते. शेवाळ खाणारी अप्रतिम गोगलगाय आहे, पैसे देऊन आणावी अशी. आठ आडव्या पट्ट्यांचं कवच घेऊन दगडाला घट्ट बसलेला कायटनही चांगला. 5 मिमीपर्यंतचे गोल, वळ्यांचे, तोंडाला झाकण असलेले शंख कोलोनिस्टा. ढिगाने वाढतात आणि काचेवरची फिल्म (शेवाळाचा पातळ थर) खातात.

यांच्यात मिसळून जातो तो पिरॅमिडेलिड. 2–3 मिमी, पांढरा, निमुळता, तांदळाच्या दाण्याएवढा. तो शेवाळ खात नाही. बारीक सोंड खुपसून मोठ्या शंखांचे आणि शिंपल्यांचे द्रव शोषतो. रात्री ट्रायडॅक्नाच्या काठावर किंवा टर्बोच्या शंखाच्या तोंडाशी रांगेने बसलेले सापडले तर शंकेला जागा नाही. यजमान बाहेर काढून मऊ टूथब्रशने, टँकच्या पाण्यात घासा, शिंपल्याच्या बुडाची पारदर्शक जेलीसारखी अंडीही काढा, आणि काही आठवडे दर तीन-चार दिवसांनी तपासत राहा.

कोणत्याही अनोळखी शंखाचा कल ओळखायला त्याचं तोंड बघा. पुढे हत्तीच्या सोंडेसारखी नळी उचलून पाणी हुंगत फिरणारा शंख मांसाहारी धरा: मेलेलं खाणारे नासारियस त्यात येतात आणि जिवंत शंख मारणारे व्हेल्कही. नासारियस वाळूत राहतो आणि खाणं पडताच उसळून वर येतो. व्हेल्क दगडावर दुसऱ्या शंखाला मिठी मारून बसलेला सापडतो. शंकूच्या आकाराचा, अरुंद लांबट तोंडाचा कोन शेल दिसला तर हाताने अजिबात उचलू नका. त्याचा विषारी काटा माणसाला घातक ठरू शकतो. झोअँथिडच्या वसाहतीत काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची सपाट गोल वेटोळी दिसली तर तो सनडायल शंख. तो तीच वसाहत खातो.

5 ते 15 मिमीचा, पाय लहान-मोठे असलेला चपटा तारा म्हणजे ॲस्टेरिना. अंग दुभंगून वाढतो म्हणून पाय कधी पाच, कधी सहा-सात, एका बाजूचे आखूड. यावर शौकिनांत कायम वाद असतात. बहुतेक तारे फिल्म खातात; काही झोअँथिडवर बसतात. तारा झोअँथिडवर दिसला तर लगेच उचलून खाली बघा: पॉलिप ठीक असेल तर तो फक्त वाट चालत होता, पांढरट आणि विरघळलेलं असेल तर जेवत होता. दुसऱ्या प्रसंगी दिसतील तेवढे हाताने वेचा. यासाठी हार्लेक्विन श्रिंप आणू नये. ती फक्त ताऱ्यांवर जगते, तारे संपले की उपाशी मरते. भोकांतून डोकावणारे लांब, बारीक, पट्टेदार पाय छोट्या ब्रिटल स्टारचे. ते राहू द्यावेत.

चपटे कृमी आणि फ्रॅगवरचे चोर

2 ते 5 मिमी, गंजाच्या रंगाचे, मागच्या टोकाला दोन-तीन टोकं असलेले आणि काचेवर, कोरलवर सपाट सरकणारे कृमी म्हणजे लाल प्लनेरिया, शास्त्रीय भाषेत कॉन्व्होल्युट्रिलोबा. ते कोरल खात नाहीत, पण चादर पसरल्यासारखे वाढले तर त्याचा उजेड अडवतात. काचेवरचे पारदर्शक-पांढरे, 1–2 मिमीचे चपटे कृमी मात्र कोपेपॉड खाऊन राहतात, त्यांचं काही करावं लागत नाही. 2–5 सेंमीचा, पानासारखा, कडा लहरवत सरकणारा पॉलिक्लॅड शंख-शिंपल्यांना मारतो.

ॲक्रोपोरा या फांदीदार कोरलवरचा चपटा कृमी (प्रोस्थिओस्टोमम ॲक्रोपोरे) डोळ्यांना दिसतच नाही, कारण त्याचा रंग कोरलशी मिळून जातो. दिसतात त्या खुणा: फांदीच्या बुडाकडून फिकट, गोलसर चाव्यांचे डाग, आणि मेलेल्या भागावर तपकिरी-सोनेरी अंड्यांचे पुंजके. माँटिपोरा या कोरलच्या खालच्या बाजूला पांढरे होत जाणारे पट्टे आणि कडेला 1–3 मिमीचा पांढरा, केसाळ भासणारा ठिपका असेल तर माँटिपोरा खाणारा न्यूडिब्रँक (शंख नसलेली समुद्री गोगलगाय). झोअँथिड खाणारा न्यूडिब्रँक ज्या पॉलिपवर जेवतो त्याचेच रंग अंगावर घेतो. मिटलेल्या पॉलिपमध्ये एखादं ‘पॉलिप’ सरकताना दिसलं तर तोच. ॲक्रोपोरावर 0.5 मिमीचे पिवळे, मधे लाल ठिपका असलेले कण चालताना दिसले तर रेड बग, जो खरं तर एक कोपेपॉडच आहे.

यांना ओळखायची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे डिपचं, म्हणजे कोरल औषधी पाण्यात बुडवायचं भांडं. टँकच्याच तापमानाचं 1 लिटर पाणी, त्यात कोरल डिप बाटलीवर लिहिल्याप्रमाणे. फ्रॅग 5 ते 10 मिनिटं ठेवा आणि त्या वेळात बास्टरने सगळ्या बाजूंनी, विशेषतः खालून, जोरात पाणी मारा. मग फ्रॅग दोन वेगळ्या भांड्यांत विसळा. डिपचं पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून भिंगाने तपासा आणि फेकून द्या, टँकमध्ये थेंबही नको. अंडी डिपने मरत नाहीत. म्हणून फ्रॅग मूळ प्लगवरून (तो चिकटवलेल्या छोट्या बैठकीवरून) कापून नव्यावर चिकटवा, अंडी ब्लेडने खरवडा आणि दर 5–7 दिवसांनी डिप पुन्हा करा. चपट्या कृमीची अंडी फुटायला पाण्याच्या तापमानानुसार दोन-तीन आठवडेही लागतात, त्यामुळे एका डिपवर समाधान मानणं म्हणजे स्वतःची फसवणूक. वेगळ्या टँकमध्ये सहा आठवडे ठेवणं जास्त स्वस्त पडतं.

स्पर्शिका असलेले

ऐप्टेशिया: तपकिरी, काहीशी पारदर्शक, लांब देठ, टोकदार बारीक स्पर्शिका, आणि स्पर्श होताच भोकात झटकन गडप. माजानो बुटकं असतं, स्पर्शिकांची टोकं फुगीर आणि बऱ्याचदा हिरवट. दोघांनाही कापू, खरवडू किंवा चिमटू नका. बुडाचा सूक्ष्म तुकडा राहिला तरी त्यातून नवं उगवतं. पंप बंद करून तोंडावर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजने सोडा, एका वेळी तीन-चारच, नाहीतर पीएच एकदम चढतो. पेपरमिंट श्रिंप कामाची आहे, पण विकत घेताना सारख्या दिसणाऱ्या कॅमल श्रिंपपासून सावध: तिच्या पाठीला कुबड, अंगावर ठळक पांढऱ्या रेषा आणि ठिपके असतात, आणि ती कोरल कुरतडते. ऐप्टेशियावर बर्गिया न्यूडिब्रँक सगळ्यांत खात्रीचा, मात्र मासे किंवा पेपरमिंट श्रिंप त्याला खाऊ शकतात.

देठांच्या जाळ्याने जोडलेल्या, 2–5 मिमीच्या पिसासारख्या वसाहती हायड्रॉइडच्या. त्या शेजारच्या कोरलला डंख करतात. काचेवर चिकटलेली, पाय पसरलेली 1–3 मिमीची चांदणी मधूनच आक्रसून फुलत असेल तर ते हायड्रॉइडचं छोटं जेलीफिश. सहसा स्वतःच नाहीसं होतं.

अजिबात न हलणाऱ्यांत दोनच वारंवार विचारले जातात. 5–10 मिमीचा, पांढरट, केसाळ, वरच्या तोंडाला झालर असलेला सायकॉन स्पंज, आणि दोन भोकं असलेली, डिवचलं की आक्रसणारी ट्यूनिकेटची थैली. स्पंज आक्रसून दाखवत नाही. दोघेही राहू द्या.

खेकडे आणि टिकटिक आवाज

नांगीचं टोक काळं म्हणजे खेकडा वाईट, हा नियम अर्धवट आहे. टोकाचा आकार बघा. बोथट, चमच्यासारखी टोकं शेवाळ खरवडायला असतात. अणकुचीदार, कात्रीसारखी टोकं मांस कापायला. केसाळ अंग, जाड नांग्या, अणकुचीदार टोकं एकत्र असतील तर तो लहान असतानाच काढा, मोठा झाल्यावर मासेही सुटत नाहीत. चालायच्या पायांच्या फक्त तीन जोड्या दिसत असतील आणि तोंडाशी पंखे हलवून खाणं गाळत असेल तर पोर्सेलिन क्रॅब, निरुपद्रवी. पोसिलोपोरा कोरलच्या फांद्यांतच राहणारा गुळगुळीत, चकचकीत ट्रॅपेझिया त्या कोरलचा राखणदार आहे. त्याला काढणं म्हणजे कोरलचं नुकसान. मेलेला खेकडा वाटणारं वाळूवरचं धूड आधी उचलून बघा: पोकळ आणि मागून उघडलेलं असेल तर ती नुसती टाकलेली कात.

रात्री काचेवर नाणं आपटल्यासारखा आवाज येत असेल तर पिस्तूल श्रिंप किंवा मँटिस श्रिंप. पिस्तुलाची एक नांगी दुसरीपेक्षा फारच मोठी असते. ती मिटताना तयार होणारा बुडबुडा फुटण्याचा तो आवाज. वाळू उकरणं सोडलं तर तिचा सहसा उपद्रव नसतो. मँटिसचे डोळे देठांवर असतात आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरतात, पुढचे पाय छातीखाली घडी घातलेले. राहण्याच्या भोकाचं तोंड गोल, स्वच्छ, दारात रचलेले खडे. आवाजापेक्षा पुरावा वाळूवर मिळतो: फुटक्या शंखांचे तुकडे आणि एकेक करून कमी होणारे हर्मिट क्रॅब. संशय असेल त्या दगडात बोट घालू नका. मोठा मँटिस नख फोडू शकतो.

काढायचं ठरलं तर

खेकड्यासाठी उंच, गुळगुळीत काचेचा पेला दगडाला तिरका टेकवून तळाशी कोळंबीचा तुकडा ठेवा. तो आत उतरतो, वर चढू शकत नाही. मँटिससाठी आवाज कुठल्या दगडातून येतो ते शोधा. कळत नसेल तर रात्री एकेक दगड वेगळ्या बादलीत ठेवा आणि ऐका. मग 1.035 ते 1.040 घनतेचं, त्याच तापमानाचं खारं पाणी तयार करून कोरल नसलेला दगड त्यात मिनिटभर, फार तर दोन मिनिटं बुडवा आणि हलवा. खेकडे, मँटिस, कृमी तळाशी पडतात. त्यातले हवे ते चिमट्याने परत टँकमध्ये सोडा. हेच काम गोड्या पाण्याने केलं तर दगडातलं बरंचसं जीवन मरतं आणि अमोनिया चढतो.

औषध शेवटी. रेड बगवर चालणारं मिल्बेमायसिन हे पशुवैद्यकीय औषध कोळंब्या, खेकडे, अँफिपॉड सगळ्यांनाच मारतं, म्हणून ते वेगळ्या भांड्यात आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने. लाल प्लनेरियासाठी टँकभर औषध टाकावं लागलं तर आधी तीन-चार दिवस सायफनने जेवढे निघतील तेवढे काढा. मरताना त्यांच्या अंगातून विष सुटतं, आणि माशांना औषधापेक्षा त्याचाच त्रास जास्त होतो. औषध टाकण्याआधीच 25–30 टक्के बदलायचं पाणी खारं करून, गरम करून ठेवा आणि ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन धुऊन तयार ठेवा. कृमी सुटून पाण्यात तरंगू लागले की सायफन चालूच ठेवा, बाटलीवर दिलेली वेळ संपताच कार्बन लावा आणि पाणी बदला. मासे जोरात श्वास घेताना दिसले तर वेळ संपायची वाट बघू नका.